फोन चोरीला जाण्याआधी आणि गेल्यावर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

फोन गेला की माणूस ओळखीच्या मोबाईलवाल्या पोराकडे धावतो आणि म्हणतो, “भो, लोकेशन काढी दे ना.” पोरगा विचारतो, “जीमेल काय आहे?” गाडी इथेच अडते. फोन घेतला तेव्हा जीमेल दुकानातल्या मुलानेच काढून दिला होता. पासवर्डही त्यानेच टाकला, तो कुठे लिहिलेला नाही. खात्याला जोडलेला नंबर कोणता, तर त्याच फोनमधल्या सिमचा, म्हणजे तोही चोराकडेच.

आमच्या जिभाऊंचा फोन सारंगखेड्याच्या यात्रेत सदऱ्याच्या वरच्या खिशातून गेला. जिभाऊ स्वस्थ बसले नाहीत, सगळी कामं त्यांनी केली, पण उलट्या क्रमाने. पहिला दिवस पोलीस ठाण्यात गेला आणि सिम बंद केलं दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री कुणीतरी ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून जिभाऊंच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि “दवाखान्यात आहे, अर्जंट पाठव” असे निरोप नातेवाइकांना धाडले. दोन भाच्यांनी पैसे पाठवलेही.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. पहिले सहा टप्पे आज घरी बसून करायचे, नंतरचे फोन गेल्यावर. लेख अँड्रॉइड फोन धरून लिहिला आहे. आयफोनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: कागद गोळा करा

डायलरवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. ही त्या फोनची स्वतःची ओळख. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात आणि दोन्ही लागतात. ते वहीत लिहा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवलात, तर फोनबरोबर तोही गेला.

फोनचं पक्कं बिल शोधा. आपल्याकडे खोका दिवाळीच्या साफसफाईत जातो आणि बिल शर्टाबरोबर धुतलं जातं. नसेल तर दुकानात जाऊन दुसरी प्रत मागा. फोन घेऊन फार दिवस झाले नसतील तर बहुधा मिळते.

तिसरी गोष्ट कुणीच बघत नाही: सिम कोणाच्या नावावर आहे? अनेक घरांत आईचं सिम मुलाच्या नावावर असतं. काही घरांत तर वारलेल्या आजोबांच्या नावावरचं सिम अजून चालू आहे. सिम ज्याच्या नावावर, त्याच्याच ओळखपत्रावर डुप्लिकेट मिळतं. तेव्हा नाव आताच बदलून घ्या. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं.

पडताळा: दोन आयएमईआय, बिल आणि सिमधारकाचं नाव हे सगळं सातबाऱ्याच्या पिशवीत एकत्र आलं का?

टप्पा २: कुलूप बदला

बोटाने ओढायचा पॅटर्न काढून टाका. काचेवर तेलकट रेघ राहते आणि एसटीत शेजारी बसलेल्यालाही तो एका नजरेत पाठ होतो. सहा आकडी पिन ठेवा. जन्मसाल नको. आणि गाडीचा नंबरही नको. एमएच-१९, एमएच-१८, एमएच-३९ यांच्यापुढचे चार आकडे पिन म्हणून ठेवणारे लोक मी इतके पाहिलेत की चोराने आधी स्टँडवर लावलेली मोटारसायकल बघावी.

बोटाचा ठसा चालू करा, म्हणजे गर्दीत पिन दाबावा लागणार नाही. पिन बघून मग फोन मारणं ही सगळ्यात वाईट चोरी, कारण अनेक फोनांत नुसत्या त्या पिनच्या जोरावर गूगलचा पासवर्डही बदलता येतो.

मग सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा. नाहीतर फोन बंदिस्त आणि ओटीपी काचेवर उघडा, अशी गत होते. काही फोनांत ‘लॉक असताना बंद करू देऊ नये’ आणि ‘लॉक असताना वरची पट्टी ओढू देऊ नये’ अशा दोन सोयी आहेत. तुमच्यात असतील तर चालू करा. चोराचं पहिलं काम फोन बंद करणं किंवा एअरप्लेन मोड लावणं हेच असतं.

टप्पा ३: सिमलाही पिन लावा

फोनचं कुलूप सिमला लागू होत नाही. पिन फोडायच्या भानगडीत न पडता चोर टाचणीने सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. आता तुमचे सगळे ओटीपी त्याला. जिभाऊंचं असंच झालं.

सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘सिम लॉक’ शोधा. ते चालू करताना सिमचा मूळ पिन मागितला जातो. तो कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून आधी ग्राहक सेवेला विचारा. मग तो बदलून स्वतःचा ठेवा. यापुढे सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं की पिन मागेल. तुमचा फोन बंद करून चालू केला तरी मागेल, एवढा त्रास आहे.

सावधान: अंदाजाने पिन टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडतं आणि आठ आकडी पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा कोड, मागतं. पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. पीयूके सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो किंवा कंपनी सांगते. तोही वहीत लिहा.

टप्पा ४: गूगल खातं आपल्या ताब्यात घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फोन दहा-पंधरा हजारांचा असतो. खात्यात तुमचे फोटो, संपर्क, साठवलेले पासवर्ड आणि बँकेचे मेल असतात. चोराने फोन कोरा केला तरी तो पुन्हा चालू होताना हेच खातं किंवा जुना पिन मागतो. म्हणजे फोनचं खरं कुलूप हे खातं आहे, आणि त्याची किल्ली आपल्यापैकी निम्म्या लोकांकडे नाही.

आधी फोनमध्ये कोणतं खातं आहे ते बघा: सेटिंग्ज, मग गूगल. कधीकधी तीन निघतात. एक दुकानवाल्याने काढलेलं, एक मुलाने गेमसाठी घातलेलं, एक जुन्या फोनचं. कामाचं एकच ठेवा. बाकीची काढण्याआधी त्यांत फोटो किंवा संपर्क अडकलेत का ते तपासा.

त्या खात्याचा पासवर्ड बदला. नवा लांब ठेवा आणि वहीत लिहा. पासवर्ड लिहू नये असं शहाणे लोक सांगतात. कपाटातल्या वहीपर्यंत यात्रेतला चोर येत नाही. विसरलेला पासवर्ड मात्र नक्की नडतो.

आता ‘रिकव्हरी फोन’, म्हणजे खातं अडलं तर ते परत मिळवायला लागणारा नंबर. तिथे तुमचाच नंबर असेल तर त्याला घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नंबराची जोड द्या, बायकोचा, मुलाचा किंवा भावाचा. रिकव्हरी ईमेलही घरातल्याच कुणाचा द्या. दुकानदाराचा राहिला असेल तर काढून टाका.

मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. हे केल्यावर नुसत्या पासवर्डने खातं उघडत नाही. पण यात एक खड्डा आहे आणि लोक नेमके त्यात पडतात: दुसरी खूण म्हणून गूगल त्याच फोनवर ‘हो, मीच आहे’ असं विचारतं. फोनच चोराकडे असेल तर हो म्हणणार कोण? यावर उपाय ‘बॅकअप कोड’. त्याच पानावर मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवा. नवे दहा काढले की जुने दहा रद्द होतात, तेव्हा जुना कागद फाडा.

कोडचा कागद घरी आणि तुम्ही भुसावळच्या फलाटावर, मग काय? घरी फोन लावून कुणालातरी एक कोड वाचायला सांगायचा. पण घरचा नंबर तोंडपाठ हवा! इथे भलेभले गप्प होतात. बायकोचा नंबर ‘होम’ नावाने साठवलेला असतो आणि आकडा एकही आठवत नाही. एक नंबर आजच पाठ करा, पाढ्यासारखा.

पडताळा, आणि हा टाळू नका: शेजाऱ्याचा फोन घ्या. त्यात ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी (बंद केली की तुमचं खातं त्यात राहत नाही) उघडून आपल्या खात्यात पासवर्ड आणि एक बॅकअप कोड वापरून शिरा. ‘फाइंड हब’ ही गूगलची हरवलेला फोन शोधायची सोय उघडा. २०२५ पर्यंत याचं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं. तुमचा फोन नकाशावर दिसतो का? वाजवून बघा. वाजला तर बाहेर पडा, खिडकी बंद करा आणि वापरलेला कोड खोडा. नाही वाजला तर सेटिंग्जमध्ये ‘फाइंड हब’ आणि लोकेशन बंद आहे का ते बघा. ही रंगीत तालीम जमली नाही, तर खऱ्या दिवशी मुळीच जमणार नाही.

आयफोन असेल तर हेच सगळं अ‍ॅपल खात्याचं करा आणि ‘फाइंड माय’ चालू आहे का बघा.

टप्पा ५: चोरीविरोधी बटणं

सेटिंग्जमध्ये ‘थेफ्ट’ शोधा. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बहुतेक फोनांत ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ सापडतं. त्यात तीन बटणं आहेत.

पहिलं, हिसका ओळखणारं. कुणी हातातून फोन ओढून पळालं तर ती हालचाल ओळखून फोन आपोआप लॉक होतो. दरवेळी ओळखेलच असं नाही. दुसरं, चोराने इंटरनेट तोडलं तर स्क्रीन लॉक करणारं. तिसरं ‘रिमोट लॉक’, आणि माझ्या मते हेच सर्वात कामाचं. दुसऱ्या कुणाच्याही फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर जायचं आणि आपला मोबाईल नंबर टाकायचा. पासवर्ड लागत नाही. फोन इंटरनेटवर असेल तर लॉक होतो. पण नंबर आधी पडताळून हे बटण चालू केलेलं हवं.

अँड्रॉइड १५ आणि पुढच्या काही फोनांत ‘आयडेंटिटी चेक’ आहे. घरासारख्या ठरवलेल्या जागेबाहेर पिन किंवा खात्याचा पासवर्ड बदलायचा तर बोट किंवा चेहरा मागतो. नुसता पिन चालत नाही. आयफोनमध्ये हीच सोय आयओएस १७.३ पासून ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ नावाने आहे.

टप्पा ६: पैशाच्या वाटा अडवा

फोनच्या कव्हरमधून एटीएम कार्ड आत्ताच्या आत्ता काढा. लेख नंतर वाचा.

कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर अनेक बँकांचा यूपीआय पिन नव्याने बसवता येतो. कव्हरमध्ये कार्ड आणि फोनमध्ये सिम म्हणजे तिन्ही गोष्टी चोराला एका घासात. गॅलरीतले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले कार्डाचे, आधारचे, पासबुकाचे फोटोही काढा. गॅलरीच्या ‘ट्रॅश’मध्ये ते ३० दिवस किंवा जास्तही राहतात, तिथूनही पुसा.

फोनचा पिन आणि यूपीआय पिन एकच ठेवू नका. यूपीआय लाइट वापरत असाल तर त्यात थोडकीच रक्कम ठेवा. तिथे एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात आणि शिल्लक जास्तीत जास्त ५,००० ठेवता येते. उघडा फोन हाती लागला तर ते पैसे गेलेच समजा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘अकाउंट’खाली ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ उघडून सहा आकडी पिन लावा. हा असता तर जिभाऊंच्या भाच्यांचे पैसे वाचले असते.

बँकेचा आणि सिम कंपनीचा मदत क्रमांक वहीत लिहा, आणि एक चिठ्ठी पाकिटातही ठेवा. पाकीट दुसऱ्या खिशात.

गर्दीचं एवढंच सांगतो: एसटीत चढताना, अमळनेरच्या रथाच्या वेळी किंवा कानबाईच्या विसर्जन मिरवणुकीत फोन वरच्या खिशात नको. आणि गाडी सुटताना खिडकीशी फोन धरून बोलू नका.

टप्पा ७: फोन गेला, पहिला अर्धा तास

पोलीस ठाणं नंतर. आधी ही चार कामं, याच क्रमाने.

एक. दुसऱ्याच्या फोनवरून एकदा रिंग द्या. रिक्षात पडला असेल तर कुणी उचलेल. बंद लागला किंवा कट झाला तर पुन्हा लावत बसू नका.

दोन. रिमोट लॉक करा किंवा फाइंड हबमधून ‘सिक्युअर डिव्हाइस’ दाबा. शेवटचं ठिकाण आणि वेळ टिपून घ्या. हे सिम बंद करण्याआधी, कारण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट तुटतं आणि लॉकचा हुकूम तिथे पोचत नाही. पण यावर पाचच मिनिटं घालवा. फोन बंद असेल तरी हुकूम पाठवून ठेवा आणि पुढे जा. फोन पुन्हा ऑनलाइन आला की तो लागू होतो.

तीन. सिम बंद करा. कंपनीच्या मदत क्रमांकावर दुसऱ्या फोनवरून नंबर, नाव आणि ओळख सांगितली की होतं. दोन सिम असतील तर दोन्ही.

चार. बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाईल बँकिंग अडवा. वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ती वेळ महत्त्वाची आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० वर सायबर तक्रार द्या. इथे तासाचाही फरक पडतो, कारण पुढच्या खात्यात ती रक्कम गोठवायची असते.

यानंतर निवांत बसून गूगलचा पासवर्ड बदला.

सावधान: घाईत ‘इरेज’ दाबू नका. फोन कोरा झाला की नकाशावर दिसणं बंद. लॉक चांगलं असेल तर थांबा. पिन चोराने पाहिला असेल, किंवा फोनमध्ये फार खाजगी काही असेल, तरच पुसा. आयफोनवाल्यांनी ‘रिमूव्ह धिस डिव्हाइस’ला हात लावू नका, त्याने फोनचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉकच उघडतं.

सावधान: ठिकाण दिसलं म्हणून दोन पोरं घेऊन तिकडे जाऊ नका. नकाशावरचा ठिपका शेजारच्या घराचाही असू शकतो.

टप्पा ८: पोलीस

जवळच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराला बिल आणि आयएमईआय दाखवा. चोरी झाली असेल तर ‘चोरी’च लिहा. “गहाळ लिहून द्या, लवकर होईल,” असं तुम्हाला कुणी सुचवेल, नातेवाईकही सुचवतील. पण गहाळचा दाखला म्हणजे गुन्हा नव्हे. विमा असेल तर दावाही तिथेच अडतो. खरोखर पडला असेल तर अर्थातच गहाळ.

रेल्वेत गेला तर लोहमार्ग पोलीस. सुरत गाडीत झोपलात आणि जाग नंदुरबारला आली, फोन कुठे गेला माहीत नाही, तर हद्दीवरून घुटमळू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. गाडी चालू असेल तर टीसीला सांगा किंवा १३९ वर कळवा.

पडताळा: तक्रारीच्या प्रतीवर दोन्ही आयएमईआय आहेत का? आकडे ठाण्यातून निघण्याआधी एकेक करून मोजा. एक आकडा चुकला तरी पुढचा टप्पा अडतो.

टप्पा ९: डुप्लिकेट सिम, मग सीईआयआर

डुप्लिकेट सिम त्याच दिवशी घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हे मुद्दाम केलेलं आहे, फसवणूक टळावी म्हणून. लोक मात्र सिम बिघडलं समजून दुकानात भांडतात आणि दुसरं घेतात, मग २४ तास पुन्हा पहिल्यापासून.

एसएमएस सुरू झाले की ‘संचार साथी’वर ‘सीईआयआर’ (आयएमईआयवरून फोन अडवायची सरकारी सोय) उघडून ‘ब्लॉक लॉस्ट ऑर स्टोलन मोबाईल’ निवडा. नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी-मॉडेल, बिल, चोरीचं ठिकाण आणि तारीख, ठाण्याचं नाव, तक्रार क्रमांक आणि प्रत, ओळखपत्र हे सगळं भरा. शेवटी मिळणारा रिक्वेस्ट आयडी वहीत लिहा.

ब्लॉक झाल्यावर त्या फोनमध्ये देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम चालत नाही. कुणी घालून बघितलं तर त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो. वायफायवर मात्र फोन चालू शकतो, म्हणून टप्पा ४ मधलं खातं इथेही आडवं येतं. ‘फोन तर ब्लॉक झाला’ म्हणून खात्याकडे दुर्लक्ष नको.

टप्पा १०: नंतरचे फोन आणि निरोप

चार-आठ दिवसांनी निरोप येतो, “तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण बघायला लिंक उघडा.” किंवा पोलीस असल्याचं सांगणारा कुणी पिन, ओटीपी विचारतो. लॉक उघडत नाही म्हणून चोराच्या साखळीतलंच कुणी हे करत असतं. पोलिसांना आयएमईआय लागतो, तुमचा पिन नाही. लिंक उघडू नका, आलेला नंबर ठाण्यात द्या.

फोन खरंच परत मिळाला, तर आधी ठाण्याची नोंद पूर्ण करा आणि मग त्याच संकेतस्थळावर रिक्वेस्ट आयडी टाकून ‘अनब्लॉक’ करा. हे राहिलं तर हातात आलेल्या फोनमध्ये सिम लागत नाही आणि माणूस दुरुस्तीला पैसे घालतो. अनब्लॉक झाल्यावर फोटो उतरवून घ्या, फोन एकदा पूर्ण कोरा करा आणि खातं नव्याने घाला. मधल्या काळात त्यात कोणी काय बसवलं ते तुम्हाला दिसणार नाही.